प्रिमाक्विनचे चौदा दिवस

कुवेतमध्ये डास चावून मलेरिया होत नाही. तरीही तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी मलेरियाचे रुग्ण येतात, आणि त्यांत आपल्या उपखंडातून गेलेल्या माणसांचा भरणा मोठा असतो. या रुग्णांकडे नीट पाहिलं की एका जुन्या, स्वस्त आणि बरीच उपेक्षा झालेल्या गोळीचं महत्त्व कळतं. तिचं नाव प्रिमाक्विन.

आधी कुवेतच्या भूमीविषयी. या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. वर्षभराचा पाऊस शे-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात. मुंबईत जुलैतल्या एका दिवसात एवढा पाऊस पडून जातो. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. 21 जुलै 2016 रोजी मित्रिबा इथे 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मलेरियाच्या परजीवीला ॲनाफिलीस डासाच्या मादीच्या पोटात वाढून तिच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती मादी जगली पाहिजे, तिला अंडी घालायला पाणी मिळालं पाहिजे आणि हवाही मानवली पाहिजे. कुवेतमध्ये डास अजिबात नाहीत असं नाही, पण माणूस, डास आणि पुन्हा माणूस ही साखळी तिथे टिकत नाही.

मात्र मलेरिया कुवेतच्या माणसांना अनोळखी कधीच नव्हता. तेल सापडण्यापूर्वी हे बंदर गलबतांवर जगत होतं. बसऱ्याचा खजूर भरून ही गलबतं मुंबईला यायची, मलबारातून लाकूड न्यायची, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुफिजी नदीच्या मुखाशी जाऊन घरांच्या छपरांसाठी खारफुटीचे वासे तोडून आणायची. पिण्याचं पाणीसुद्धा बरीच वर्षं शत्-अल-अरबमधून होड्यांनी आणलं जाई. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने आल्यावर ते थांबलं. बसरा, मलबार, रुफिजी ही सगळी मलेरियाची ठिकाणं. मुंबईशी तर कुवेतचे संबंध इतके घट्ट होते की 1961 पर्यंत तिथे भारतीय रुपयाच चालत होता, शेवटची दोन वर्षं खास आखातासाठी छापलेला.

पुढे प्रवासाची दिशा उलटली. आज कुवेतच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश माणसं परदेशी आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी, दहा लाखांच्या आसपास. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांत घरटी एक माणूस आखातात असतो. सालमिया, अब्बासिया, फहाहील, मंगाफ ही नावं त्या गावांतल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतात. तेलशुद्धीकरण, बांधकाम, रुग्णालयं, दुकानं, घरकाम अशा सगळ्या ठिकाणी ही माणसं आहेत, आणि त्यांच्यासोबत मलेरियाही जातो.

तो कसा जातो, हे समजून घ्यायला एक कल्पित उदाहरण घेऊ. माणगावकडचा एक वेल्डर सप्टेंबरात कुवेतला गेला. पावसाळ्यात गावी त्याला ताप येऊन गेला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला, क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जाण्यापूर्वी मुंबईत ‘मेडिकल’ झालं. आखाती देशांच्या या तपासणीत रक्तातला मलेरियाही पाहतात. अहवाल स्वच्छ आला आणि तो ‘फिट’ ठरला. कुवेतला पोचल्यावर तिथल्या सरकारी तपासणीतही काही सापडलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी कंपनीच्या कॅम्पमध्ये त्याला थंडी वाजून ताप भरला. अडीच महिने त्याने देश सोडलेला नाही, आणि जिथे तो राहतो तिथे मलेरियाचा डास चावण्याची शक्यता नाही. मग हा मलेरिया आला कुठून?

त्याच्याच यकृतातून.

डास चावतो तेव्हा परजीवी थेट रक्तपेशींवर हल्ला करत नाहीत. काही मिनिटांत, फार तर तासाभरात, ते यकृतात शिरतात आणि तिथल्या पेशींमध्ये वाढतात. आठवड्याभराने त्या पेशी फुटतात, हजारो नवे परजीवी रक्तात उतरतात आणि मग ताप सुरू होतो. फॅल्सिपेरम जातीत यकृतातलं काम एवढ्यावर संपतं. व्हायवॅक्सचं तसं नाही. त्यातले काही परजीवी यकृताच्या पेशीत शिरतात आणि वाढायचं थांबतात. पेरलेल्या शेतात काही बी त्या पावसाला न उगवता मातीतच राहावं आणि पुढे केव्हातरी वर यावं, तसे ते पडून असतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही त्यांतला एखादा जागा होतो आणि नवी फौज रक्तात सोडतो. माणसाच्या दृष्टीने तो पुन्हा नवा मलेरिया असतो.

यकृतातला हा मुक्काम विज्ञानाला उशिरा सापडला. रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी पाहिला, पण डास चावल्यावर ताप येईपर्यंतच्या दिवसांत तो माणसाच्या शरीरात कुठे असतो, हे पुढे पन्नास वर्षं कोडंच होतं. 1948 मध्ये हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी ते सोडवलं. शॉर्ट यांची बरीच कारकीर्द भारतात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेली होती. झोपलेला परजीवी प्रत्यक्ष दिसायला आणखी तीस वर्षं लागली. 1980 च्या सुमारास क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो माकडाच्या यकृतात दाखवला. म्हणजे तो सापडला तेव्हा त्याला मारणारं औषध बाजारात येऊन जवळजवळ तीन दशकं झाली होती. औषध आधी आणि शत्रूची ओळख नंतर, असं वैद्यकात अनेकदा घडलेलं आहे.

त्या औषधाचा वंश एका रंगापर्यंत जातो. 1891 मध्ये पॉल एर्लिख यांनी कापड रंगवायच्या मिथिलीन ब्लूने दोन मलेरिया रुग्णांवर उपचार केले. त्याच रंगाच्या रेणूपासून वाट काढत 1920 च्या दशकात बायर कंपनीच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्लास्मोक्विन तयार केलं. प्रयोगशाळेत घडवलेलं ते पहिलं मलेरियाविरोधी औषध. हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रात जे. ए. सिंटन यांनी ते क्विनीनसोबत ब्रिटिश सैनिकांना देऊन पाहिलं आणि परतणारा ताप कमी होतो हे त्यांच्या लक्षात आलं. क्विनीनला जे साधत नव्हतं ते या नव्या औषधाला साधत होतं. पण ते विषारी होतं. काही रुग्णांच्या लघवीचा रंग काळपट व्हायचा, अंगातलं रक्त झपाट्याने उतरायचं. ते का होतं, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपान्यांच्या ताब्यात गेलं आणि जगाचा क्विनीनचा पुरवठा तुटला. अमेरिकेने मलेरियावरच्या औषधांचा प्रचंड शोध हाती घेतला, हजारो रसायनं तपासली. जर्मनांनी 1934 मध्येच बनवून बाजूला ठेवलेलं क्लोरोक्विन त्यातून पुन्हा वर आलं. प्लास्मोक्विनच्या कुळातलं अधिक सुरक्षित भावंड शोधण्याचं काम कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट एल्डरफील्ड यांच्या गटाने केलं आणि त्यातून प्रिमाक्विन मिळालं. त्याच्या चाचण्या शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर झाल्या. त्यांना मुद्दाम मलेरिया दिला जाई आणि मग औषध. तुरुंगातल्या माणसाच्या संमतीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या प्रयोगांवर कायमचा उभा आहे. आज आपल्या हातात असलेल्या डोसांचे आकडे तिथून आले आहेत, हे माहीत असूनही तो प्रश्न सोडून देता येत नाही.

मग कोरियाचं युद्ध आलं, आणि इथे कुवेतच्या वेल्डरसारखीच स्थिती लाखो माणसांवर ओढवली. कोरियात अमेरिकी सैनिकांना दर आठवड्याला क्लोरोक्विन मिळत होतं, त्यामुळे रणांगणावर ते ठणठणीत दिसत. घरी परतल्यावर, जिथे मलेरिया उरलेलाच नव्हता अशा अमेरिकी गावांत, त्यांना महिन्यांनी ताप भरू लागला. क्लोरोक्विनने रक्त स्वच्छ ठेवलं होतं, यकृताला हातही लावला नव्हता. 1951 पासून परतीच्या जहाजांवर सैनिकांना रोज 15 मिलिग्रॅम प्रिमाक्विन, 14 दिवस, देखरेखीखाली द्यायला सुरुवात झाली. प्रवासही साधारण तेवढाच होता, आणि गोळी चुकवायला जहाजावर जागा नव्हती. ताप परतण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. चौदा दिवसांचा कोर्स जगभर रुळला तो असा.

आता ‘फिट’च्या दाखल्याकडे परत येऊ. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर रक्तातले परजीवी दिसतात. झटपट तपासणीची पट्टीही रक्तातल्याच परजीवींची प्रथिनं ओळखते. यकृतात झोपलेला परजीवी ओळखणारी कोणतीही तपासणी आज रुग्णालयांत उपलब्ध नाही. मुंबईतल्या मेडिकल केंद्रात नाही, कुवेतच्या शुवैखमधल्या तपासणी केंद्रात नाही, जगात कुठेच नाही. त्यामुळे ‘मलेरिया नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘आज रक्तात मलेरिया दिसत नाही’ एवढाच. तपासणी करणाऱ्यांचा यात दोष नाही. दाखला मिळाला की आपण मलेरियातून मोकळे झालो असं समजणं मात्र धोक्याचं आहे. त्याहून धोक्याचं म्हणजे तपासणीत अडकू नये म्हणून आधी घरीच क्लोरोक्विनच्या दोन-चार गोळ्या घेऊन ताप दाबून ठेवणं. तसं केल्याने अहवाल स्वच्छ येऊ शकेल, पण रोग सोबतच जाईल.

कुवेत विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेतल्या परजीवीशास्त्रज्ञांनी हा विषय 1980 च्या दशकापासून लावून धरला. पी. आर. हिरा आणि जमशेद इक्बाल ही त्यांतली मुख्य नावं. 1985 ते 2000 या काळात बाहेरून आलेल्या मलेरियाचा आढावा त्यांच्या गटाने प्रसिद्ध केला. भारतीय उपखंडातून आलेली माणसं आणि व्हायवॅक्सचा परजीवी, हे चित्र त्यातून पुढे आलं. झटपट तपासणीच्या पट्ट्या नव्या होत्या तेव्हा त्यांची सूक्ष्मदर्शकाशी तुलना करण्याचं कामही याच गटाने केलं, आणि उपचारानंतरही काही पट्ट्या बरेच दिवस ‘आहे’ असंच दाखवत राहतात हे नोंदवलं. मलेरिया नसलेल्या देशाने मलेरियाच्या निदानाला हातभार लावावा, हे वरवर विचित्र वाटतं. पण कारण सरळ आहे. तिथे उपचारानंतर रुग्णाला पुन्हा डास चावून चित्र गढूळ होत नाही.

हा मुद्दा महाराष्ट्राच्या वाचकाने नीट ध्यानात घ्यावा असा आहे. मुंबईत एखाद्याला जूनमध्ये मलेरिया झाला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा झाला, तर तो जुनाच परतला की नव्या डासाने नवा दिला, हे सांगणं अवघड. ॲनाफिलीस स्टेफेन्साय हा डास मुंबईत विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये पोसला जातो, हे चार्ल्स बेंटली यांनी 1911 च्या अहवालातच मांडलं होतं, आणि बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्याची तक्रार आजही ताजी आहे. त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्यांदा ताप आला की दोष डासाला देऊन मोकळं होता येतं. गोळ्या अर्धवट सोडल्या होत्या का, हे कुणी विचारत नाही. कुवेतमध्ये ही पळवाट नाही. जो माणूस चार महिने देशाबाहेर गेला नाही, त्याला व्हायवॅक्स झाला तर तो यकृतातूनच आला, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. अपवाद दोन. एक, दूषित रक्त दिलं गेलं असेल तर, आणि तशा रुग्णाला प्रिमाक्विन लागतही नाही, कारण त्याच्या यकृतात परजीवी शिरलेलाच नसतो. दुसरा, विमानातून एखादा डास आला असेल तर, पण ते फारच क्वचित.

मुंबईची ही अडचण असूनही प्रिमाक्विनच्या बाबतीतलं एक मोलाचं काम मुंबईतच झालं. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कित्येक वर्षं प्रिमाक्विनचा कोर्स पाच दिवसांचा होता. मोठ्या माणसाला रोज 15 मिलिग्रॅम म्हणजे एकूण 75 मिलिग्रॅम. चौदा दिवसांत तेच औषध 210 मिलिग्रॅम होतं. परळच्या केईएम रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर, नित्या गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही कोर्सची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. ताप परतू नये यासाठी चौदा दिवसांचा कोर्स सरस होता. पुढे राष्ट्रीय धोरणातही चौदा दिवस आले. मधल्या वर्षांत पाच दिवसांवर बरे झाल्याचं समजून किती माणसांनी विमानं पकडली असतील, याची कुठे नोंद नाही.

आज व्हायवॅक्सचा उपचार भारतात असा आहे. क्लोरोक्विन तीन दिवस, वजनाच्या दर किलोमागे एकूण 25 मिलिग्रॅम, हे रक्तातल्या परजीवींसाठी. सोबत प्रिमाक्विन, दर किलोमागे रोज पाव मिलिग्रॅम, चौदा दिवस, हे यकृतासाठी. क्लोरोक्विन रक्तात काही आठवडे रेंगाळतं, त्यामुळे यकृतातून पहिली तुकडी लवकर उतरली तरी ती दबून जाते आणि ताप दीड-दोन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा उठतो. आपल्या वेल्डरच्या बाबतीत हेच घडलं. तीन दिवसांत बरं वाटलं, क्लोरोक्विनच्या छायेत काही आठवडे बरे गेले, तेवढ्यात मेडिकल झालं, विमान सुटलं. त्याला प्रिमाक्विन दिलंच नसेल, किंवा दिलं असेल तर ताप गेल्यावर त्याने ते सोडलं असेल. दुसरी शक्यता जास्त. अंगात ताप नाही, काम सुरू झालेलं आहे, जाण्याची गडबड आहे, आणि रिकाम्या पोटी घेतली तर पोटात मुरडा आणणारी गोळी अकरा दिवस आणखी घ्यायची. हे माणसाला जड जातं, हे मान्य केलं पाहिजे. जेवणानंतर घेतली तर त्रास बराच कमी होतो, एवढं साधं वाक्यही अनेकदा कुणी त्याला सांगत नाही.

हा कोर्स आखूड करण्याचे प्रयत्न झाले आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, अनेक देशांतल्या चाचणीत तेवढंच एकूण औषध दुप्पट डोसाने सात दिवसांत दिलं, तर ते चौदा दिवसांइतकंच काम करतं असं दिसलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दर किलोमागे रोज अर्धा मिलिग्रॅम, सात दिवस, हा पर्याय मान्य केला. 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टॅफेनोक्विन तर एकाच डोसात काम करतं. पण या दोन्ही वाटांवर एक नाकं आहे आणि ते टाळता येत नाही. त्यासाठी आपल्याला त्या काळपट लघवीकडे परत जावं लागेल.

1956 मध्ये अमेरिकी संशोधकांना उलगडा झाला. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. हे विकर पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवतं. ते कमी असलेल्या माणसाला प्रिमाक्विन दिलं की तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी गडद होते, कावीळ दिसते, दम लागतो. या विकराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत हा दोष जास्त दिसतो. दोष असूनही आयुष्यभर काही जाणवत नाही, जोवर एखादं औषध किंवा एखादं अन्न त्याला छेडत नाही.

ते अन्न म्हणजे बाकला हे कडधान्य. कुवेतमध्ये उकडलेला बाकला आवडीने खातात, आणि हे विकर कमी असलेल्या मुलाला तो खाऊन तशीच कावीळ होऊ शकते. तिथल्या डॉक्टरांना हा दोष चांगला परिचयाचा आहे. कुवेतींमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो आणि त्यात भूमध्य समुद्राच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार ठळक आहे. मलेरिया नसलेल्या देशात हा दोष एवढा का? कारण तो मलेरियाचाच ठसा आहे. तांबड्या पेशींतली ही उणीव मलेरियापासून काही अंशी संरक्षण देते, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ती टिकून राहिली. कुवेती घराण्यांची मुळं नज्द, इराक, इराण अशा प्रदेशांत आहेत. शेजारच्या अल-हसाच्या मरूद्यानांत 1940 च्या दशकाअखेरीपर्यंत मलेरियाचा कहर होता. तिथे डीडीटी फवारून तो आटोक्यात आणावा लागला. वाळवंटात आलेल्या माणसांनी ओलाव्याच्या प्रदेशातला तो वारसा रक्तात सोबत आणला.

आपल्याकडेही तो आहे. मुंबईच्या पारशी समाजात हा दोष मोठ्या प्रमाणात असल्याचं 1960 च्या दशकात दाखवलं गेलं. आणि याच विकराच्या एका प्रकाराला चक्क कल्याणचं नाव आहे. 1984 मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेला तो प्रकार जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’ म्हणून नोंदला गेला, आणि केरळात सापडलेला प्रकारही तोच असल्याचं कळल्यावर ‘केरळ-कल्याण’ असं जोडनाव झालं. खाडीकाठी, दलदलीशेजारी राहिलेल्या समाजात तो मिळावा यात आश्चर्य नाही.

म्हणून प्रिमाक्विन सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी तपासून घेणं योग्य. मोठ्या शहरात ही रक्ततपासणी सहज होते. दोष निघाला म्हणजे औषधाचं दार बंद झालं असंही नाही. आठवड्यातून एकदा, दर किलोमागे पाऊण मिलिग्रॅम, आठ आठवडे, असा कोर्स डॉक्टरांच्या नजरेखाली देता येतो. सात दिवसांचा दुप्पट डोस किंवा टॅफेनोक्विनचा एकच डोस यांत मात्र ही तपासणी टाळणं जिवावर बेतू शकतं. दिलेलं टॅफेनोक्विन अनेक दिवस शरीरात राहतं, ते परत काढून घेता येत नाही. रोजच्या प्रिमाक्विनची गोळी निदान थांबवता तरी येते. गरोदर स्त्रीला प्रिमाक्विन देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशींची स्थिती माहीत नसते. तिच्यासाठी बाळंतपणापर्यंत थांबावं लागतं. तान्ह्या बाळांनाही ते देत नाहीत.

आता प्रतिबंधाचं. कुवेतला जाताना मलेरियाविरोधी गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. उलट दिशेचा प्रवास आपण विसरतो. कुवेतमधल्या भारतीय शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट असते. म्हणजे कुटुंबं नेमकी आपल्या पावसाळ्यात गावी येतात आणि मुंबईत मलेरिया चढणीला लागलेला असतो तेव्हा इथे मुक्कामाला असतात. काही वर्षं कुवेतमध्ये काढली की लहानपणापासून वारंवारच्या संसर्गाने अंगात मुरलेली प्रतिकारशक्ती ओसरते, आणि तिथेच जन्मलेल्या मुलांना तर ती कधी मिळालेलीच नसते. ‘आपलंच गाव, आपल्याला काय होणार’ ही समजूत त्या मुलांच्या बाबतीत खोटी आहे. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री मच्छरदाणी, टाकीला घट्ट झाकण, एवढं तरी पाळावं. गडचिरोलीसारख्या भागात जाणार असाल तर प्रतिबंधक औषधाविषयी आधी डॉक्टरांशी बोलावं. मात्र डॉक्सिसायक्लिन असो, मेफ्लोक्विन असो की ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, यांतलं कोणतंही औषध यकृतातल्या झोपलेल्या परजीवीला मारत नाही. ते काम प्रिमाक्विन आणि टॅफेनोक्विन या दोघांनाच येतं. व्हायवॅक्सच्या प्रदेशात जास्त काळ राहून परतणाऱ्यांना शेवटी प्रिमाक्विनचा कोर्स देण्याची पद्धत त्यासाठीच आहे, आणि काही देशांत प्रवासाच्या काळातला प्रतिबंधक म्हणूनही ते वापरतात.

आफ्रिकेतून कुवेतला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. आफ्रिकेत फॅल्सिपेरम जास्त, क्लोरोक्विन निकामी, आणि आर्टेमिसिनिनवर आधारलेला उपचार तातडीने लागतो. एका दिवसाचा उशीरही महाग पडू शकतो. त्या परजीवीवर या प्रकरणात विस्तार करत नाही, कारण त्याला झोप येत नाही.

वाचकांपैकी कुणी आखातात असेल, किंवा घरातलं कुणी तिकडे असेल, तर तीन गोष्टी सांगायच्या आहेत. भारतात मलेरिया झाला आणि तो व्हायवॅक्स असेल, तर डॉक्टरांना प्रिमाक्विनविषयी आणि जी-सिक्स-पीडी तपासणीविषयी स्वतःहून विचारा, आणि अहवालाची प्रत सामानात ठेवा. कोर्स सुरू असताना जावं लागलं तर उरलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट सोबत न्या आणि ताप नसला तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. आणि कुवेतमध्ये थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, की गेल्या वर्षभरात मी भारतात होतो आणि मला मलेरिया झाला होता किंवा तिथे डास चावले होते. त्या एका वाक्याने रक्ताची योग्य तपासणी त्याच दिवशी होईल.

प्रिमाक्विनच्या गोळ्या घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा चालताना धाप लागली, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालयात जा.